इतिहासाच्या तासाला चित्रपट कसा दाखवावा: प्रसंगाच्या निवडीपासून लेखी कामापर्यंत

चित्रपट दाखवला, मुलं रंगून गेली, तास कसा संपला कळलंही नाही. आठवड्याने चाचणी घेतली, तर उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकाऐवजी पटकथा उतरलेली. इतिहास शिकवणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आहे. त्यावर स्टाफरूममध्ये दोनच उपाय ऐकू येतात. एक, चित्रपट दाखवायचेच नाहीत. दोन, ‘चित्रपटात चुका असतात, सगळं खरं मानू नका’ असं आधी सांगून टाकायचं.

दुसरा उपाय चालत नाही, हे तपासून झालेलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास 2009 मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. विद्यार्थ्यांनी एक ऐतिहासिक मजकूर वाचला आणि त्याच विषयावरच्या चित्रपटातला तुकडा पाहिला. मजकूर आणि तुकडा जिथे जुळत होते, तिथे नुसत्या वाचनापेक्षा बरंच जास्त लक्षात राहिलं. जिथे विसंगती होती, तिथे आठवड्यानंतरच्या चाचणीत चित्रपटातली चुकीची माहिती काही वेळा निम्म्यापर्यंत उत्तरांत आली, तीही ‘मजकुरात असंच होतं’ अशा खात्रीने. सरसकट इशाऱ्याने फारसा फरक पडला नाही. नेमकं काय चुकीचं आहे आणि खरं काय आहे, हे बोट ठेवून सांगितलं तेव्हा मात्र चुका खूप कमी झाल्या.

म्हणजे बहुतेकांची चूक क्रमात आहे. आधी दाखवायचं आणि मग दुरुस्त करायचं असा आपला रिवाज. खालचे टप्पे उलट्या दिशेने जातात. उदाहरणादाखल शक्य तिथे एकच प्रसंग घेतला आहे: 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटातलं गुजरातेतल्या धारासना मिठागरावरच्या सत्याग्रहाचं दृश्य.

## टप्पा 1: आधी प्रश्न, मग चित्रपट

‘मिठाचा सत्याग्रह चालू आहे, तर गांधी दाखवू या’ इथून सुरुवात केली की पुढचं सगळं ढिलं पडतं. टाचणात आधी एक प्रश्न लिहा, तोही एका वाक्यात मावणारा. उदाहरणार्थ: ‘हात न उचलता मार खाणाऱ्या माणसांमुळे सरकारची अडचण का झाली?’

मग स्वतःलाच विचारा, की याचं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदातून तितकंच चांगलं मिळतं का? मिळत असेल तर प्रोजेक्टर लावण्याची गरज नाही.

चित्रपटाला काही गोष्टी फार चांगल्या जमतात: गर्दी केवढी होती, जागा कशी होती, भीती कशी पसरते, एखादं यंत्र चालतं कसं. काही गोष्टी त्याला जमतच नाहीत. करपद्धती, कायद्याची कलमं, दीर्घकाळ साचत गेलेली कारणं, एखाद्या तहामागची महिनोन्‌महिन्यांची घासाघीस. या घटकांसाठी चित्रपट शोधत बसू नका. सापडला तरी त्यात एक तडफदार भाषण असतं आणि मुलांच्या लक्षात तेवढंच राहतं.

तपासा: प्रश्नात ‘माहिती घेणे’, ‘ओळख होणे’ असे शब्द आले असतील तर तो प्रश्न नाही, मथळा आहे. परत लिहा.

## टप्पा 2: चित्रपट नाही, प्रसंग निवडा

‘गांधी’ 191 मिनिटांचा आहे. पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर नुसतं पाहण्यातच साडेपाच तासिका जातात आणि चर्चेला उरतं शून्य. ‘लगान’ त्याहून मोठा, पावणेचार तासांच्या आसपास. पूर्ण चित्रपट दाखवायचाच असेल तर शाळा सुटल्यावर दाखवा. तासाला चार ते आठ मिनिटांचा एकच प्रसंग घ्या.

निवडण्यापूर्वी तुम्ही स्वतः मात्र अख्खा चित्रपट पाहिलेला हवा. इंटरनेटवर कुणीतरी कापून टाकलेली क्लिप बघून निवड करू नका. त्या प्रसंगाच्या आधी आणि नंतर काय दाखवलंय हे ठाऊक नसेल, तर मुलांच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होतं.

निवडताना तीन गोष्टी बघा.

पहिली: प्रसंग तुमच्या प्रश्नाला भिडतो का. सुंदर आहे, गाजलेला आहे, तुम्हाला आवडतो, ही कारणं पुरेशी नाहीत.

दुसरी: वय. प्रमाणपत्र बघाच, पण त्यावर विसंबू नका. सर्वांसाठी खुल्या असलेल्या चित्रपटातही एखादं दृश्य सहावीच्या मुलांना झेपणारं नसतं. हिंसा असेल तर आदल्या दिवशी वर्गात सांगा, आणि ज्याला बघायचं नाही त्याला तेच काम लेखी साधनावरून करायची मुभा द्या. कुणी का बघत नाही याची चौकशी चारचौघांत करू नका.

तिसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही. या प्रसंगात खलनायक कोण आहे, आणि त्याच्याशी ज्यांचं नाव, धर्म, भाषा किंवा जात जोडली जाते अशी मुलं वर्गात बसली आहेत का? लोकप्रिय चित्रपटाला खलनायक लागतो, आणि त्याला काळं रंगवताना अख्खा समाज रंगवला जातो. दिवे मालवलेल्या वर्गात चाळीस जण टाळ्या पिटत असताना एक मुलगा बाकाकडे बघत बसला, तर तुमचा तास तिथेच फसला. अशा प्रसंगाऐवजी दुसरा घ्या, किंवा घेणं भागच असेल तर टप्पा 3 मधल्या यादीत हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा.

अगदीच काल्पनिक गोष्ट निवडली तरी हरकत नाही. ‘लगान’ 1893 सालात घडतो, त्यातला सामना कधीच झाला नाही, पण दुष्काळ आणि सारावसुली यांची सांगड समजावायला त्याचा उपयोग होतो. अशा वेळी वर्गात विचारायचा प्रश्न वेगळा: गोष्ट रचलेली आहे, पण भोवतालची चौकट कितपत खरी आहे?

## टप्पा 3: फरकांची यादी करा

सगळा डोलारा या टप्प्यावर उभा आहे आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो. निवडलेला प्रसंग वही घेऊन तीनदा बघा. दृश्यात ठामपणे सांगितलेली प्रत्येक गोष्ट लिहा: कोण होतं, कुठे, कधी, किती जण, कुणी काय केलं, त्यातून काय झालं. मग एकेक गोष्ट विश्वासार्ह पुस्तकाशी ताडून बघा. फरक साधारण पुढच्या प्रकारांत मोडतात. मी ते महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने दिले आहेत.

कारणच गायब होणं. सर्वांत घातक प्रकार. ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये 1297 ची स्टर्लिंग ब्रिजची लढाई आहे, पण पूलच नाही. मोकळ्या मैदानावर दोन फौजा भिडतात. प्रत्यक्षात इंग्रज सैन्य एका अरुंद पुलावरून थोडंथोडं पलीकडे येत होतं, अर्धंमुर्धं आल्यावर स्कॉट लोकांनी त्याला गाठलं, आणि मागच्या फौजेला मदतीला येता आलं नाही. लहान सैन्याने मोठ्या सैन्याला का हरवलं याचं उत्तर त्या पुलात आहे. पूल काढला की शौर्य तेवढं उरतं, आणि मुलं लिहितात: ‘ते शूर होते म्हणून जिंकले.’

परिणाम बदलणं. ‘ग्लॅडिएटर’चा शेवट असा, की रोमन सम्राट कोमोडस रिंगणात मरतो आणि रोममध्ये पुन्हा प्रजासत्ताकाची आशा दिसते. प्रत्यक्षात 192 सालाच्या अखेरच्या दिवशी नार्सिसस नावाच्या मल्लाने त्याचा गळा आवळला, रिंगणाबाहेर. त्यानंतरचं 193 हे वर्ष पाच जणांनी सम्राटपदावर दावा सांगितल्याचं वर्ष म्हणून ओळखलं जातं.

काळ आवळणं. त्याच चित्रपटात कोमोडसची कारकीर्द थोडक्यात आटोपल्यासारखी वाटते. वडील वारल्यावर त्याने बारा वर्षं राज्य केलं, आणि त्याआधी 177 पासून तो त्यांच्याबरोबर सहसम्राट होता.

खऱ्या नावावर नसलेलं कृत्य. 1997 च्या ‘टायटॅनिक’मध्ये जहाजावरचा अधिकारी विल्यम मर्डोक प्रवाशांवर गोळ्या झाडून स्वतःलाही संपवतो असं दाखवलं आहे. त्याने तसं केल्याचा ठोस पुरावा नाही. स्कॉटलंडमधल्या त्याच्या गावाने आक्षेप घेतला, तेव्हा 1998 मध्ये चित्रपट कंपनीच्या प्रतिनिधीने तिथे जाऊन दिलगिरी व्यक्त केली आणि तिथल्या शाळेला 5,000 पौंड दिले. वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे. नाव खरं असेल तर त्यामागे माणसं असतात, हे मुलांना पटकन समजतं.

रचलेली किंवा अनेकांची मिळून केलेली पात्रं. ‘गांधी’मधला वॉकर हा बातमीदार याच प्रकारातला.

कोण दिसत नाही. ही नोंद अवघड, कारण नसलेली गोष्ट डोळ्यांना खुपत नाही. पुस्तकातली नावं एका बाजूला लिहा, दृश्यातली दुसऱ्या बाजूला, आणि उरलेली मोजा. बायका आणि स्थानिक कार्यकर्ते बहुतेक वेळा उरलेल्यांत सापडतात.

कपडे, वस्तू, घरं. हा प्रकार शेवटी, कारण त्याचं महत्त्व सर्वांत कमी. आणि गंमत अशी की वर्गात सर्वाधिक वेळ यावरच जातो! सैनिकाच्या मनगटावर घड्याळ दिसलं म्हणून मुलं हसतात, शिक्षकही खूश होतात, आणि सगळ्यांना वाटतं की आपण इतिहास तपासला.

धारासनाच्या दृश्याची माझी यादी अशी होते:

1. चित्रपटातला वॉकर हा अमेरिकी बातमीदार दक्षिण आफ्रिकेपासून भेटत राहतो. असा बातमीदार नव्हता. धारासनाची बातमी जगाला दिली ती युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या वेब मिलर यांनी.
2. वॉकर फोनवरून बातमी सांगतो आणि ती थेट पोहोचते. मिलर यांच्या तारा सुरुवातीला अडवल्या गेल्या. सेन्सॉरशिप उघड करण्याची तंबी दिल्यावर बातमी पुढे गेली.
3. दृश्यात तारीख ठसत नाही. दांडीला मीठ उचललं 6 एप्रिल 1930 ला, धारासनावरचा लाठीमार झाला 21 मे ला. गांधीजी तेव्हा तुरुंगात होते.
4. अब्बास तय्यबजींना अटक झाल्यावर नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे आलं. हे नाव दृश्य बघून मुलांच्या वहीत येतं का, ते बघायचं.
5. पुढचं बोलणं लगेच सुरू झाल्यासारखं वाटतं. गांधीजी सुटले जानेवारी 1931 मध्ये, व्हाइसरॉय आयर्विनशी करार झाला 5 मार्च 1931 ला. मधले आठ-नऊ महिने कापले गेले आहेत.

यातला दुसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपला प्रश्न होता, सरकारची अडचण का झाली. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून सरकारने धडपड केली, हाच त्याच्या उत्तराचा अर्धा भाग, आणि तोच पडद्यावर नाही.

सावधान: पंधरा-वीस फरक सापडतील. वर्गात न्यायचे तीन, फार तर चार. प्रश्नाच्या उत्तरावर परिणाम करणारे ठेवा, बाकीचे स्वतःच्या वहीत राहू द्या.

## टप्पा 4: जोडीला एक अस्सल साधन

प्रसंगासोबत त्याच घटनेचं एक समकालीन साधन हवं. बातमी, पत्र, चौकशी अहवालातला उतारा, नकाशा, छायाचित्र, काहीही. मजकूर असेल तर अर्ध्या पानापेक्षा मोठा नको, आणि अवघड शब्दांचे अर्थ खाली दिलेले असावेत.

धारासनासाठी मिलर यांच्या वृत्तांताचा मराठी सारांश पुरतो. त्यात त्यांनी तात्पुरत्या इस्पितळात स्वतः मोजलेले 320 जखमी आहेत, दोन मृत्यूंची नोंद आहे, आणि वार चुकवण्यासाठीही कुणी हात वर केला नाही असं निरीक्षण आहे. जालियनवाला बागेचं दृश्य घेणार असाल तर गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढची डायरची साक्ष घ्या. तिथे 1,650 फैरी आणि सरकारी नोंदीतले 379 मृत हे आकडे येतात. मृतांची काँग्रेसच्या चौकशीतली संख्या याच्या दुपटीहून जास्त आहे. दोन आकडे का, हा प्रश्न मुलांवर सोपवा.

आणखी एक हमखास घोटाळा: गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर, आणि उधमसिंगांनी 13 मार्च 1940 ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ज्याला मारलं तो गोळीबाराच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर. डायर 1927 मध्येच वारला होता. चित्रपट बघून आलेली निम्मी मुलं दोघांचा एकच माणूस करतात, त्यामुळे दोघांचे फोटो शेजारीशेजारी लावलेले बरे.

सावधान: इंटरनेटवरून घेतलेलं ‘ऐतिहासिक छायाचित्र’ कुठल्या चित्रपटातलं नाही ना, हे बघा. रशियन क्रांतीतल्या हिवाळी राजवाड्यावरच्या हल्ल्याची म्हणून फिरणारी चित्रं पुष्कळदा नंतर रंगवलेल्या प्रयोगांतली किंवा 1928 च्या ‘ऑक्टोबर’ चित्रपटातली असतात. चित्रपट तपासायला चित्रपटच वापरला, तर काय साधणार?

## टप्पा 5: यंत्रं आणि परवानगी

थोडक्यात. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर, त्याच फाइलने प्रसंग पूर्ण चालवून बघा. शेवटच्या बाकावर बसून आवाज ऐका. पडदे ओढल्यावर वहीत लिहिण्याइतका उजेड उरतो का, तेही बघा. नेटच्या भरवशावर राहू नका. सबटायटल असतील तर ते मागून वाचता येतात का ते तपासा. डब केलेल्या आवृत्तीत संवाद बदललेले असतात, त्यामुळे शब्दांवर चर्चा करणार असाल तर मूळ भाषेतली घ्या.

वर्गात शिकवण्यासाठी चित्रपट दाखवायला बऱ्याच देशांच्या कॉपीराइट कायद्यात सवलत असते, पण ओटीटीच्या खात्याच्या अटी वेगळ्या असू शकतात. आपल्याकडे काय लागू आहे ते एकदा मुख्याध्यापकांसोबत बघून घ्या, आणि निवडलेला प्रसंगही त्यांच्या कानावर घाला. पालकांकडून तक्रार आली तर ती आधी त्यांच्याकडेच जाते.

## टप्पा 6: पाया घाला, मग नेमका इशारा द्या

पहिल्या तासिकेची पहिली दहा मिनिटं घटनेची. कोण, कुठे, कधी, का. फळ्यावर चार तारखांची रेघ काढा आणि पुसू नका, ती तासभर राहू दे. काहीच माहीत नसताना मुलांनी प्रसंग पाहिला तर तोच त्यांचा पाया होतो, आणि नंतरची प्रत्येक दुरुस्ती त्यावरचं ठिगळ ठरते.

त्यानंतर इशारा. तो असा नको: ‘हा चित्रपट आहे, थोडं इकडेतिकडे असणारच.’

असा हवा: ‘आता तुम्हाला वॉकर नावाचा बातमीदार दिसेल. असा माणूस नव्हता. खरी बातमी वेब मिलर यांनी पाठवली. वॉकरला फोन लगेच मिळतो. मिलर यांच्या तारा अडवल्या होत्या. तिसरं, दांडीनंतर हे लगेच घडल्यासारखं वाटेल. फळ्यावर बघा, मध्ये दीड महिना गेला आहे.’

प्रत्येक इशाऱ्यात दोन भाग असलेच पाहिजेत: पडद्यावर काय दिसेल, आणि प्रत्यक्षात काय होतं. नुसतं ‘वॉकर खोटा आहे’ म्हटलं तर वॉकरच लक्षात राहतो, कारण मिलर कुठे आलाच नाही.

काही शिक्षकांना ही पद्धत रुचत नाही. आधीच सांगितलं तर मुलांना शोधायला काय उरलं, असं त्यांचं म्हणणं. शोधायला पुष्कळ उरतं. तिन्ही फरक सांगा आणि चौथा राखून ठेवा: ‘एक महत्त्वाची व्यक्ती इथे ठळक दिसत नाही. कोण, ते साधन वाचल्यावर सांगा.’ त्यासाठी साधनासोबत नेत्यांच्या नावांची एक ओळ जोडायला विसरू नका.

तपासा: दाखवण्याआधी दोन मुलांना उभं करून इशारे त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. जमलं नाही तर परत सांगा. ही दोन मिनिटं वाचवू नका.

## टप्पा 7: दोनदा दाखवा

पहिल्या वेळी सलग, न थांबवता. मध्ये थांबवून बोलत राहिलात तर प्रसंगाची पकड सुटते, आणि त्या पकडीसाठीच तर तो निवडला होता. मुलांच्या हातात तीन रकान्यांचा कागद द्या: ‘दिसलं’, ‘ऐकलं’, ‘वाटलं’. पहिल्या वेळी मात्र पेन खाली.

संपल्यावर तीन मिनिटं शांतता. कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. हे झालं नाही तर जो मुलगा पहिल्यांदा हात वर करतो त्याचंच मत वर्गाचं मत होऊन बसतं.

दुसऱ्या वेळी तोच प्रसंग आवाज बंद करून. मला विचाराल तर सबंध तासिकेतला सर्वांत कामाचा भाग हाच. संगीत गेलं, संवाद गेले, की मुलांना कॅमेरा दिसायला लागतो. लाठी पडताना कॅमेरा कुणाच्या बाजूला आहे? चेहरे कुणाचे जवळून दिसतात, पोलिसांचे की सत्याग्रहींचे? मघाशी ‘वाटलं’च्या रकान्यात जे लिहिलं, ते आवाजाशिवायही वाटतं का? ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’ यांची सरमिसळ कुठे झाली होती, ते मुलं आपणहून खोडायला लागतात.

सावधान: ‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारू नका. ‘मस्त’ एवढंच उत्तर येतं, आणि त्यापुढे चर्चा नेता येत नाही.

## टप्पा 8: साधनाशी ताडून बघा

दुसरी तासिका, शक्यतो दुसऱ्याच दिवशी. साधन वाटा, मोठ्याने वाचून घ्या, आणि जोडीजोडीने तीन गोष्टी शोधायला लावा: दोन्हीकडे आहे ते, फक्त साधनात आहे ते, फक्त चित्रपटात आहे ते.

इथे मुलांचा एक ठरलेला गैरसमज आडवा येतो. साधन म्हणजे खरं आणि चित्रपट म्हणजे खोटं, असा निकाल ती लावून टाकतात. तो तसाच सोडू नका. मिलर कुठे उभे होते? त्यांना कुणाची भाषा कळत होती? इस्पितळात पोहोचले नाहीत असे जखमी 320 मध्ये धरले असतील का? साधनाला हे प्रश्न विचारले की चित्रपटाला विचारलेले प्रश्न नुसत्या चुका काढण्यापुरते राहत नाहीत.

मोठ्या इयत्तांना एक पुढचा खेळ देता येतो: एकाच घटनेवरचे दोन काळांतले चित्रपट. टायटॅनिकवरच्या 1958 च्या ब्रिटिश चित्रपटात जहाज अखंड बुडतं, 1997 च्या चित्रपटात ते दुभंगतं. 1912 च्या ब्रिटिश चौकशीचा निष्कर्ष जहाज अखंड बुडालं असाच होता. दुभंगताना पाहिल्याचं बचावलेल्यांपैकी काहींनी सांगितलं होतं, पण ते ग्राह्य धरलं गेलं नाही. सप्टेंबर 1985 मध्ये अवशेष सापडले, ते दोन तुकड्यांत. 1958 चा दिग्दर्शक चुकला होता का? या प्रश्नावर वर्ग वीस मिनिटं सहज भांडतो, आणि भांडण पुराव्याचं असतं. साक्षीदारांवर कुणी, का विश्वास ठेवला नाही, इथपर्यंत ते आपसूक जातं.

## टप्पा 9: लेखी काम

चित्रपटाचं परीक्षण लिहायला देऊ नका. गुण देता येत नाहीत, आणि इंटरनेटवरून उतरवून आणलेलं ओळखण्यात तुमचा रविवार जातो. त्याऐवजी यापैकी एक:

* दिग्दर्शकाने हा एक बदल का केला असेल? त्यामुळे प्रेक्षकाला काय सोपं झालं, आणि कोणती माहिती हरवली?
* हाच प्रसंग साधनाला धरून पुन्हा लिहा, दहा ओळींत. बातमी अडवली जाते तो भाग आलाच पाहिजे.
* टप्पा 1 मधल्या मूळ प्रश्नाचं उत्तर लिहा. प्रत्येक विधानापुढे कंसात ‘चित्रपट’, ‘साधन’ किंवा ‘पाठ्यपुस्तक’ असं नोंदवा.

तिसरा प्रकार दिसायला रूक्ष आहे, पण मी बहुतेक वेळा तोच देते. हे कुठून कळलं, असं प्रत्येक वाक्याला विचारायची सवय त्यातून लागते. तपासायलाही सोपा: उत्तरात ‘वॉकर’ आला आणि पुढे ‘पाठ्यपुस्तक’ लिहिलेलं दिसलं, की कुणाला परत बोलवायचं ते कळलं.

गुण देताना चूक सापडल्याचे कमी आणि ती चूक का महत्त्वाची आहे हे सांगितल्याचे जास्त. गणवेशाचं बटण चुकीचं आहे हे ओळखणाऱ्याला एक गुण पुरे.

## टप्पा 10: आठवड्याने फेरतपासणी

त्याच दिवशी घेतलेली चाचणी फसवी असते, कारण इशारे ताजे असतात. माहिती आठवते पण ती कुठून आली ते आठवत नाही, हा प्रकार काही दिवसांनी सुरू होतो. सात-आठ दिवस जाऊ द्या. मग तासाच्या सुरुवातीला, चित्रपटाचा उल्लेखही न करता, पाच छोटे प्रश्न विचारा. त्यातले तीन तुमच्या इशाऱ्यांवरचे असावेत: धारासनाची बातमी कुणी पाठवली? त्या वेळी गांधीजी कुठे होते? दांडी आणि धारासना यांत किती अंतर गेलं?

एखाद्या प्रश्नावर वर्गातला चौथा हिस्सा चित्रपटातलं उत्तर देत असेल, तर तो इशारा पुढच्या वर्षी वेगळ्या शब्दांत द्यावा लागेल. निम्म्याहून जास्त चुकले तर प्रसंगच बदला. काही दृश्यं इतकी प्रभावी असतात, की कितीही नेमकं सांगितलं तरी त्यांच्यापुढे आपलं काही चालत नाही. ती दाखवण्याचा मोह सोडलेला बरा.

शेवटचं काम टाचणवहीत: प्रश्न, प्रसंग, वापरलेले इशारे जसेच्या तसे, साधनाची प्रत, फेरतपासणीचा निकाल. प्रसंगाची सुरुवात आणि शेवट मिनिट-सेकंदात लिहा, आणि सोबत कुठली आवृत्ती होती तेही. युरोपीय पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटींनी (फ्रेमनी) चालतो, त्यामुळे तो सुमारे चार टक्के लवकर संपतो. 191 मिनिटांचा ‘गांधी’ तिथे 183 मिनिटांचा भरतो. आवृत्ती लिहिली नसेल, तर दीड तासानंतरचा प्रसंग पुढच्या वर्षी दुसऱ्या फाइलवर तीन-चार मिनिटं मागेपुढे सापडतो, आणि तो शोधण्यात मुलांसमोर पाच मिनिटं जातात.